खोडावरची नोटीस

महाराष्ट्रातल्या शहरात झाड तोडायचं असेल, तर त्याची नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि शिवाय त्या झाडावर, दिसेल अशा जागी लावावी लागते. फाशीची तारीख कैद्याच्याच गळ्यात अडकवावी, तसला हा प्रकार. आमच्या गल्लीतल्या एका वर्षावृक्षावर अशी नोटीस मी पहिल्यांदा पाहिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद, चार कोपऱ्यांना सुतळी. पिशवीत पाणी शिरून शाई फुटली होती. झाडाचा क्रमांक, अर्जदाराचं नाव, ‘पुनर्विकासास अडथळा’ हे कारण, आणि खाली नेहमीची ओळ: हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. मी वाचली तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. संबंधित कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी, जराही आवाज न चढवता, सांगितलं, “हरकत लेखी आणि वेळेत यायला पाहिजे होती.” पंधरा दिवसांनी झाड नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण असं, की याच कागदाच्या आधारावर मुंबईतली एक मोठी पर्यावरण-लढाई पाच वर्षं लढली गेली. जंगलासाठी भांडणाऱ्या लोकांच्या हातात दुसरा कुठला कागदच नव्हता.

कायदा १९७५ सालचा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, असं त्याचं लांबलचक नाव. तो वाचताना डोळ्यांपुढे येतो तो एखादा बंगला, त्याचं आवार, कुंपणालगतचा आंबा आणि इमारत वाढवू पाहणारा मालक. मालकाने अर्ज करावा, वृक्ष अधिकाऱ्याने येऊन झाड पाहावं, लोकांकडून हरकती घ्याव्यात, वृक्ष प्राधिकरणाने निर्णय द्यावा. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस कुऱ्हाड चालवू नये. महापालिकेचे आयुक्त प्राधिकरणाचे अध्यक्ष, सोबत नगरसेवक आणि झाडांची जाण असलेले काही तज्ज्ञ. एका झाडासाठी ही व्यवस्था पुष्कळच चांगली आहे. पण दोन हजार झाडं एकाच रेषेत उभी असतील तेव्हा काय करायचं, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पंचवीसपर्यंतच्या झाडांचे अर्ज एकट्या आयुक्तांना निकालात काढता येऊ लागले. मग पंचवीसच्या आतले अर्ज एकामागून एक येऊ लागले, ही तक्रार न्यायालयापर्यंत गेली. पळवाट किती रुंद आहे ते ठेकेदाराला कायद्याच्या प्राध्यापकाआधी कळतं.

आता कुणी म्हणेल, मोठ्या प्रकल्पांसाठी वेगळी जनसुनावणी असते की. असते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना केंद्राने १९९४च्या जानेवारीत काढली आणि १९९७च्या एप्रिलमध्ये तिच्यात जनसुनावणी घातली. २००६ साली नवी अधिसूचना आली. तिच्यानुसार तीस दिवसांची नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी खुर्चीवर, प्रदूषण नियंत्रण मंडळ यजमान आणि सगळ्याचं चित्रीकरण. खाणी, औष्णिक प्रकल्प, बंदरं, सिमेंटचे कारखाने यांच्यासाठी गावोगाव मांडव पडले. पण अधिसूचनेच्या जोडपत्रात प्रकल्पांची जी यादी आहे, तिच्यात रेल्वे नाही आणि मेट्रोही नाही. म्हणून कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरची, मूळ अंदाजाने २३,१३६ कोटी रुपयांची भुयारी मेट्रो ३ त्या जनसुनावणीतून आपोआप सुटली. कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या अटींसाठी अहवाल झाले, बैठकाही झाल्या. पण ज्या सुनावणीला उभं राहून ‘हे इथे का?’ असं विचारण्याचा नागरिकाला कायद्याने हक्क असतो, ती झाली नाही. हक्काची उरली ती एकच जागा, झाडाच्या खोडावरची नोटीस.

आरे हे नाव माझ्या पिढीच्या मुंबईकराला आधी दुधामुळे माहीत. काचेची बाटली, तिच्यावर ॲल्युमिनियमचं पातळ झाकण, पहाटेची रांग. १९४९ साली दूधवसाहत उभी राहिली. शहरातले म्हशींचे गोठे गोरेगावच्या टेकड्यांवर नेण्याची ती योजना होती आणि दूध आयुक्त दारा खुरोडी यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. १९५१ साली पंडित नेहरूंनी इथे झाड लावलं. सुमारे तेराशे हेक्टरांचा हा सरकारी मुलूख. त्यातून पुढे चित्रनगरीला जागा गेली, वेगवेगळ्या खात्यांनाही तुकडे गेले. गोठ्यांच्या आधीपासून तिथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे होते, आजही आहेत. उत्तरेला लागूनच राष्ट्रीय उद्यान. तिथला बिबट्या हद्दीचा नकाशा बघून फिरत नाही. आणि मिठी नदी याच बाजूने उतरते. तीच मिठी, जिला २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पावसाने फुगवलं आणि जिची मुंबईकरांना त्या दिवशी नव्याने ओळख झाली.

तर अशा ठिकाणी तेहतीस हेक्टरांवर मेट्रोच्या गाड्या ठेवायची आणि दुरुस्तीची कारशेड व्हायची होती. २०१४च्या अखेरीस झाडांच्या नोटिसा निघाल्या, आकडा दोन हजारांच्या वर. लोक जमायला लागले. आरेच्या पिकनिक पॉइंटवर रविवारी भेटायचं, साखळी करायची, पाड्यांवर जाऊन यायचं. आरे कॉन्झर्वेशन ग्रुप हे नाव या दिवसांतलं. ‘वनशक्ती’ संस्थेने हरित लवादाचं दार ठोठावलं.

त्याच वर्ष-दोन वर्षांत मुंबईने हरकतींचं आणखी एक पर्व पाहिलं. २०१५च्या फेब्रुवारीत महापालिकेने शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. त्यातल्या चुका अशा होत्या की हसावं की रडावं कळेना. हजारो हरकती आल्या. वॉर्डावॉर्डात लोक नकाशे पसरून बसू लागले. जन्मात कधी महापालिकेच्या नकाशाकडे न पाहिलेली माणसं ‘आरक्षण’ आणि ‘ना-विकास क्षेत्र’ हे शब्द सहज वापरू लागली. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगितला. हरकतीने इतका मोठा दस्तऐवज मागे घ्यायला लावला, ही गोष्ट आरेवाल्यांच्या नजरेतून सुटली नसणार. आपणही लिहिलं तर फरक पडतो, ही हवा तेव्हाची.

आरेच्या बाबतीतही सुरुवातीला फरक पडला. त्याच फडणवीसांनी कामाला स्थगिती देऊन एक तांत्रिक समिती नेमली. समितीतल्या नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांनी वेगळं मत नोंदवलं, कांजूरमार्गसारखा पर्याय पुढे ठेवला. पण समितीतलं बहुमत आरेच्याच बाजूला राहिलं. २०१६च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा आरेतले १६५ हेक्टर त्यातून वगळलेले निघाले. मग ना-विकास क्षेत्राचा शिक्काही बदलला. हरकती यायच्या, फायलीत जायच्या, आणि जमिनीचं वर्णन मात्र एकेक शब्दाने बदलत जायचं. ‘जंगल आहे का’ या प्रश्नाला सरकारचं उत्तर पहिल्यापासून एकच होतं: ही दूधवसाहत, इथली झाडं लावलेली. लावलेलं झाड जंगलात धरायचं नाही, हा न्याय मला कधी पटला नाही. पण कागदावर तो भक्कम होता.

आणि मग २०१८ची सुनावणी.

नोटिशीत आता एकूण ३,६९१ झाडं होती. त्यांपैकी २,२३८ तोडायची, ४६४ दुसरीकडे हलवायची, बाकीची राखायची. हरकती कुठे द्यायच्या? उद्यान अधीक्षकांकडे, म्हणजे भायखळ्याला, राणीच्या बागेत. पोरं पेंग्विन बघायला जातात त्याच आवारात मुंबईच्या झाडांचा कारभार चालतो. ऑक्टोबरात सुनावणीही तिथेच झाली. आरेतल्या पाड्यावरून तिथे पोचायचं म्हणजे आधी बसने गोरेगाव स्टेशन, तिथून दादर, दादरला पूल चढून मध्य रेल्वेवर, मग भायखळा. ज्याच्या दारातलं झाड जाणार त्याने दिवसाची मजुरी बुडवून शहराच्या दुसऱ्या टोकाला यायचं, आणि सुनावणी घेणाऱ्यांनी झाडापर्यंत यायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला विचित्रही वाटत नाही. तरी लोक आले. पाड्यांवरचे आले, विद्यार्थी आले, निवृत्त माणसं आली.

मराठीत ‘सुनावणी’ हा शब्द गमतीचा आहे. त्यात ऐकणं नाही, सुनावणं आहे. ‘त्याला चांगलंच सुनावलं’ म्हणतो तेव्हा समोरच्याने ते मनावर घेतलं की नाही हा भाग निराळा. वृक्ष प्राधिकरणाच्या सुनावणीचंही तेच. लोकांनी सुनवायचं, टिपण घेणाऱ्याने घ्यायचं. निर्णय तिथे होत नाही आणि बोलणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याचं बंधन कुणावर नाही.

खरी अडचण त्याहून खोल होती. लोक बोलत होते ते जंगलाबद्दल, मिठीच्या पुराबद्दल, बिबट्याच्या वाटेबद्दल, गावदेवीबद्दल, कांजूरच्या पर्यायाबद्दल. आणि कायद्याच्या तक्त्यात रकाने होते ते झाडाचा क्रमांक, जात, घेर, तोडणे, पुनर्रोपण, राखणे एवढेच. नदीला रकाना नाही. पाड्याला नाही. कारशेड इथेच का, हा प्रश्न तर वृक्ष प्राधिकरणाच्या हातातला नव्हताच. कारशेडच्या जागेवर प्रजापूरपाडा होता. तिथल्या घरांचं जे व्हायचं ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्याच्या फायलीत ठरणार होतं. एकाच जमिनीवरचं माणूस, पाणी आणि झाड तीन वेगवेगळ्या टेबलांवर.

न्यायाने सांगायचं तर मेट्रोवाल्यांचीही बाजू होती, आणि ती पोकळ नव्हती. रोज लोकलला लोंबकळून माणसं मरतात त्या शहरात भुयारी रेल्वे ही चैन नाही. झाडं आयुष्यभरात जेवढा कार्बन शोषतील, तेवढा मेट्रो काही दिवसांच्या फेऱ्यांत वाचवेल, असं त्यांचं गणित होतं. कांजूरची जमीन वादात अडकलेली आहे, हेही ते सांगत होते आणि पुढे तसंच झालं. पण हे सगळं उलटसुलट तपासून बघण्याची जागा म्हणजे प्रकल्प ठरण्याआधीची खुली जनसुनावणी. ती नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंचा सगळा राग त्या बिचाऱ्या वृक्ष प्राधिकरणावर येऊन आदळला.

प्राधिकरणाचीही एक कहाणी होतीच. त्यात कायद्याला हवे तसे तज्ज्ञच नाहीत, असा आक्षेप घेऊन झोरू बाथेना यांच्यासारखे नागरिक उच्च न्यायालयात गेले होते आणि न्यायालयाने प्राधिकरणाचे हात काही काळ बांधले. मग तज्ज्ञ नेमले गेले. दरम्यान हरकतींचा आकडा फुगत गेला, ८० हजारांच्या पुढे. यातल्या पुष्कळशा तयार मसुद्यावर नाव घालून धाडलेल्या होत्या, हे खरं. त्यावरून नाकं मुरडली गेली. मला त्यात वावगं दिसत नाही. गावच्या अर्जावर शंभर अंगठे उठतात तेव्हा मजकूर एकानेच लिहिलेला असतो.

२९ ऑगस्ट २०१९. वृक्ष प्राधिकरणाची बैठक. आता आकडे थोडे कमी झाले होते: २,१८५ झाडं तोडायची, ४६१ हलवायची. प्रस्ताव मताला टाकला गेला आणि आठ विरुद्ध सहा असा मंजूर झाला. महापालिकेत सत्ता शिवसेनेची आणि प्रस्तावाला विरोधही शिवसेनेचाच. राज्यात त्याच शिवसेनेचं भाजपबरोबर सरकार. नंतरच्या दिवसांत तज्ज्ञ सदस्यांपैकी दोघांनी राजीनामे दिले. मत ज्या घाईत घेतलं गेलं त्याबद्दल त्यांची तक्रार होती. शिवसेनेचे यशवंत जाधव तर प्राधिकरणाचे स्वतः सदस्य, ते आपल्याच प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांना पन्नास हजारांचा दंड केला.

सप्टेंबर पावसाचा आणि रविवारच्या मानवी साखळ्यांचा गेला. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने आरेबाबतच्या याचिका फेटाळल्या. जंगल ठरवण्याचा मुद्दा वरच्या न्यायालयात आणि लवादापुढे असल्यामुळे आपण त्यात जाणार नाही, असा त्यातल्या एका याचिकेवरचा निष्कर्ष होता.

नवरात्राचे दिवस. गोरेगावात, अंधेरीत गरब्याचे मांडव. संध्याकाळ उतरली आणि आरेत दिवे लागले, पण कारशेडच्या जागेवर. विजेच्या करवतींचा आवाज पाड्यांपर्यंत गेला आणि तिथून फोनवरून शहरभर. लोक मिळेल त्या रिक्षाने आरेच्या फाटकावर येऊ लागले. आत सोडत नव्हते. काही जण आडवाटेने, चिखलातून शिरले. सकाळपर्यंत जमावबंदी लागू झाली, रस्ते बंद झाले, २९ जणांना अटक करून कोठडीत पाठवलं गेलं.

त्या दोन दिवसांत वाद पेटला तो पुन्हा त्या जुन्या कायद्यातल्या पंधरा दिवसांवर. परवानगी संकेतस्थळावर आत्ता दिसतेय, मग पंधरा दिवस कुठे झाले, असा लोकांचा सवाल. मेट्रो महामंडळाच्या प्रमुख अश्विनी भिडे यांनी जाहीर उत्तर दिलं, की आदेश १३ सप्टेंबरचा, पंधरा दिवस २८ तारखेला संपले, त्यानंतरही निकालासाठी थांबलो. अक्षराला धरून पाहिलं तर त्यांचं म्हणणं बिनतोड. पण पंधरा दिवस कायद्यात कशाला ठेवलेत? ज्याची हरकत होती त्याला कळावं आणि त्याने दाद मागावी म्हणून. आदेश आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याचे दिवस कसे मोजायचे? आमच्या गल्लीतल्या त्या फुटक्या शाईच्या नोटिशीची मला तेव्हा आठवण झाली. वेळेत यायला पाहिजे होती, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुटी होती. रिषव रंजन या कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. पत्रालाच याचिका मानून ७ ऑक्टोबरला न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि अशोक भूषण यांचं खास पीठ बसलं. यापुढे एकही झाड तोडू नका, असं त्यांनी सांगितलं. सरकारतर्फे हमी देण्यात आली. त्याच दिवशी महामंडळाने कळवलं, की २,१४१ झाडं तोडून झाली आहेत.

परवानगी २,१८५ची होती. वजाबाकी करा. चव्वेचाळीस उरली.

दुसऱ्या दिवशी दसरा. घरोघर आपट्याची पानं वाटली गेली.

पुढचा भाग राजकारणाचा आहे आणि तो वाचकाला ठाऊक आहे. नोव्हेंबरअखेरीस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी कारशेडचं काम थांबवलं. २०२०च्या ऑक्टोबरात कारशेड कांजूरला हलवण्याची घोषणा झाली, आरेतले ८००हून अधिक एकर राखीव वन करायचं ठरलं. म्हणजे सरकारच्या तोंडून ‘वन’ हा शब्द शेवटी निघाला, झाडं गेल्यानंतर. डिसेंबरात उच्च न्यायालयाने कांजूरच्या जमिनीच्या हस्तांतराला स्थगिती दिली. २०२२च्या जूनअखेरीस सरकार बदललं आणि जुलैत कारशेड पुन्हा आरेत आली. त्या पावसाळ्यात रविवारची माणसं पुन्हा पिकनिक पॉइंटवर दिसू लागली, काही तीच, काही कॉलेजातली नवी, ज्यांनी २०१४ साली शाळेत चित्रं रंगवली असतील.

मेट्रो धावली. ७ ऑक्टोबर २०२४ला, सर्वोच्च न्यायालयाच्या त्या स्थगितीला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा प्रवाशांना खुला झाला. पहिल्या स्थानकाचं नाव ‘आरे’ने सुरू होतं. मीही बसतो. गाडी थंडगार असते, वेळेवर असते, आणि भुयारात असल्यामुळे खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नसतं.

पण त्याआधी आणखी एक नोटीस निघाली होती. २०२२च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाला ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायची मुभा दिली. महापालिकेची जाहिरात आली ती मात्र १७७ झाडांची. प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं. न्यायालयाने आदेशापलीकडे गेल्याबद्दल महामंडळाला दहा लाखांचा दंड केला आणि झाडं तोडायला परवानगीही दिली. ८४ची १७७ कशी झाली, याचा खुलासा असा करण्यात आला, की ८४ हा आकडा २०१९चा. मधल्या काळात काम बंद होतं, त्या मोकळ्या जागेत आपसूक उगवलेली झुडपं वाढून मोठी झाली. करवत थांबली होती त्या तीन-चार पावसाळ्यांत कुणी न लावता, कुणी न मोजता ती उंच झाली, खोडं धरली, कायद्याने झाड म्हणावं एवढी झाली. आणि झाड झाली म्हणून त्यांच्याही नावाने कागद निघाला. हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.